'काळजी' की 'चिंता'? : एका प्रश्नावलीच्या भाषांतरातील पेच

अर्धमात्रा :
माणसाच्या स्वतःच्या विचारांविषयी ज्या धारणा असतात, त्या मोजणाऱ्या एका प्रश्नावलीचे मराठी भाषांतर तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कार्टराइट-हॅटन आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये ६५ विधानांची मूळ प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि २००४ मध्ये तिचे ३० विधानांचे छोटे रूप आले. माणूस विचारांनी जेवढा गांजतो त्याहून अधिक त्या विचारांविषयीच्या समजांनी गांजतो, ही त्यामागची भूमिका आहे. यातील काही विधाने 'काळजी केल्याने पुढची संकटे टळतात' अशा वळणाची आहेत. ती मी आईला वाचून दाखवली, तेव्हा तिने सगळ्यांना 'पूर्ण सहमत' असे सांगून वर विचारले, "काळजी करायची नाही, तर पोरं वाढवायची कशी?" ती जपणुकीविषयी बोलत होती आणि प्रश्नावली मनातल्या घोळण्याविषयी विचारत होती. अशा ठिकाणी 'चिंता' हा शब्द घ्यावा का?

पडवी :
'चिंता' घेतल्याने प्रश्न सुटणार नाही, कारण पाठ्यपुस्तकांनी तो शब्द आधीच 'अँक्झायटी'साठी राखून ठेवला आहे. 'विवंचना' म्हटले की पैशाची अडचण आठवते. माझ्या मते पेच नामात नसून क्रियापदात आहे. काळजी आपण घेतो, करतो, आपल्याला ती वाटते आणि लागतेही. 'घेणे' म्हणजे जपणूक, 'करणे' म्हणजे आपल्या हातातली गोष्ट, आणि 'लागली' म्हटले की ती आपल्या हाताबाहेर गेली. काळजी आवरता येत नाही, ही धारणा मोजणारा विधानांचा एक स्वतंत्र गट याच प्रश्नावलीत आहे. तिथे 'लागते' लिहिलेत, तर उत्तर प्रश्नातच देऊन टाकल्यासारखे होईल.

सातारकर :
'काळजी' हा शब्द 'काळीज' यावरूनच आला असणार. काळजाला लागते ती काळजी, असे आमचे आजोबा सांगत असत.

शुद्धमती :
व्युत्पत्ती नंतर पाहू. आधी 'मेटाकॉग्निशन', म्हणजे स्वतःच्या विचारांविषयीचा विचार, या शब्दाला 'अधिबोध' हा प्रतिशब्द रूढ करावा, अन्यथा मराठीत शास्त्र कधीच उभे राहणार नाही.

पडवी :
शास्त्र उभे राहील, पण रुग्णापुढचा कागद कोराच राहील. 'विचारांविषयीचे समज' म्हटल्याने काय बिघडते? 'बिलीफ'साठी 'श्रद्धा' मात्र कृपा करून नको.

ओसरी :
ओसीडीसाठी, म्हणजे नकोसे विचार पुन्हापुन्हा येऊन त्याच त्या कृती करायला लावणाऱ्या आजारासाठी, मराठीत 'मंत्रचळ' हा शब्द आहे, याकडेही लक्ष वेधतो. मंत्र जपताना चूक झाल्यामुळे लागलेले वेड, असा त्याचा जुना अर्थ आमच्या घरी सांगत. म्हणजे मनातल्या मनात शब्द चुकला तरी अनर्थ होतो, हा समज त्या शब्दातच दडलेला आहे. 'वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते' हेही त्याच जातीचे. नुसते मनात आले तरी ते घडेल, किंवा मनात आले म्हणजे केल्यासारखेच आहे, या समजाला शाफ्रन, थॉर्डार्सन आणि राखमन यांनी १९९६ च्या लेखात विचार आणि कृती यांची सरमिसळ मानून मोजले आहे. नकोसे, ओंगळ विचार निरोगी माणसांच्याही मनात येतात, हे राखमन आणि डिसिल्व्हा यांनी १९७८ मध्येच दाखवले होते. ज्याला तथास्तूची भीती असते तो विचार पुसू पाहतो, हात धुतो, पुन्हा मोजतो, आणि पुसण्याच्या खटपटीमुळेच विचार अधिक चिकटतो.

लेखणी :
माझ्या भावाला हा आजार आहे. 'मंत्रचळ' या शब्दातला 'चळ' त्याला झोंबतो, म्हणून आम्ही घरात ओसीडीच म्हणतो. भाषेच्या शुद्धतेसाठी त्याला वेडा ठरवण्याची माझी तयारी नाही.

शुद्धमती :
शब्दाचा दोष नाही, समाजाचा आहे. 'मन चिंती ते वैरी न चिंती' म्हणणाऱ्या भाषेला या आजाराचे मर्म ठाऊक होते.

लेखणी :
ती म्हण माझा भाऊ आधीच स्वतःला ऐकवत असतो. त्याचा त्रास नेमका तोच आहे.

अर्धमात्रा :
चर्चा मौलिक आहे, परंतु मला शुक्रवारी मजकूर द्यायचा आहे. 'काळजी करत बसल्याने संकटे टळतात' असे लिहिले, तर आई जपणुकीचा अर्थ घेणार नाही, असे वाटते.

पडवी :
घेणार नाही, पण सहमतही होणार नाही. 'बसणे' या क्रियापदात तुम्ही तिला आधीच रिकामटेकडी ठरवले आहे. काळजीचा उपयोग होतो असे मनापासून मानणारा माणूस 'करत बसतो' असे स्वतःविषयी कधीच म्हणत नाही, ते त्याची बायको म्हणते.

सातारकर :
'काळीज' या शब्दाविषयी कोणीच काही बोलले नाही.