उत्तर: लेप्टो समजून सेफ्ट्रिअॅक्सोन पुरेसं नाही, स्क्रब टायफसही असू शकतो
वर कोणीतरी लिहिलंय की तळकोकणात भातकापणीच्या दिवसांत ताप आला की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) धरून सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक सुरू करावं. लेप्टोला ते लागू पडतं, मान्य. पण स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या, माइटच्या चावण्यातून होणारा ताप) असेल तर दिवस फुकट जातात, कारण त्याचे जंतू पेशीच्या आत वाढतात आणि या औषधाला दाद देत नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दोन्हींवर चालतं. स्क्रब टायफसमध्ये किडा चावल्याजागी बऱ्याचदा काळी खपली धरते. म्हणून काख, जांघ, कमरेची घडी, स्तनाखालची जागा नीट बघायलाच हवी. तिथली ही खपली दुखत नाही, त्यामुळे रुग्ण स्वतःहून सांगत नाही. खपली नसली, किंवा पहिल्या आठवड्यात आयजीएम ही रक्तातल्या प्रतिपिंडांची (अँटीबॉडी) तपासणी निगेटिव्ह आली, तरी आजार नाही असं होत नाही.

नवी गोष्ट म्हणजे स्क्रब टायफसच्या गंभीर रुग्णांवर भारतातच झालेली, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी. शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन (दुसरं अँटिबायोटिक) सात दिवस एकत्र दिल्यावर एकेकट्या औषधापेक्षा गुंतागुंत कमी राहिली. दोन्ही औषधं जंतूचं प्रथिन बनवणं रोखतात, पण वेगवेगळ्या जागी. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही, म्हणून औषध लवकर सुरू होणं आजही तितकंच महत्त्वाचं. साध्या आजारात जोडीची गरज नाही; मोठ्यांना डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.