प्रतिसाद: जुन्या प्रती आधी हटवा

जहाजावरच्या सगळ्या कार्यपद्धती डिजिटल केल्या की गोंधळ संपेल, असं मूळ लेखात म्हटलंय. मला अर्धंच पटतं. आयएसएम कोडचं (जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचं) ११वं कलम कागद की संगणक यात पडतच नाही. त्याचं मागणं एवढंच: वैध दस्तऐवज लागेल तिथे मिळावा, बदल अधिकृत माणसाने तपासून मंजूर करावा आणि कालबाह्य प्रत लगेच हटवावी. घोडं अडतं ते शेवटच्या मुद्द्यावर. सर्व्हरवर नवी आवृत्ती चढते, पण इंजिन कंट्रोल रूममध्ये लॅमिनेट करून चिकटवलेली जुनी चेकलिस्ट तशीच राहते, आणि घाईच्या वेळी हात तिच्याकडेच जातो. म्हणून प्रत्येक छापील प्रतीची नोंद हवी: कुठे लावली, कोणती आवृत्ती, कोण बदलणार.

दुसरं म्हणजे या कार्यपद्धतींच्या मॅन्युअलची जाडी. प्रत्येक सुरक्षा ऑडिटनंतर एक चेकलिस्ट वाढते, कमी एकही होत नाही. मग खलाशी न वाचताच खुणा करतात, आणि त्यांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. कॅप्टनने जहाजाच्या सुरक्षा व्यवस्थापन व्यवस्थेचा आढावा घेऊन त्रुटी कंपनीला कळवाव्यात, हे कोडच्या ५व्या कलमातच आहे. त्या आढाव्यात 'हे काढून टाका' असं लिहून आलं, तर किनाऱ्यावरच्या कार्यालयाने त्याला कारणासहित उत्तर द्यायलाच हवं.