मदत हवी आहे: दादा तयार नाही, तोवर आम्ही काय करायचं?

दादा (४२) रोज पितो. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची माहिती काढून दिली, आईने शपथ घातली, दोनदा बाटली मोरीत ओतली. तो फक्त लपवायला शिकला. परवा गव्हाच्या डब्यात क्वार्टर सापडली. तो मनावर घेईल तेव्हाच सोडेल, हे आता पटलंय.

तो मारहाण करत नाही, आणि त्याला जबरदस्तीने भरती करायचं नाही. त्याची उधारी भागवणं मी थांबवलंय. पण तो पडून असला की वहिनी अजून ऑफिसला ‘ताप आलाय’ असा फोन करते. नोकरी गेली तर घराचा हप्ता थकेल.

अल-अ‍ॅनॉनच्या, म्हणजे घरच्यांसाठीच्या, मराठी सभेला कुणी जातं का? आणि तो खोटा फोन तुमच्याकडे कसा बंद झाला?