मदत हवी आहे: जरा ऐसपैस, पण वळणावर तितकीच चोख स्पोर्ट्स कार

वाईकर
माझ्याकडे माझदा एमएक्स-5 आहे, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. गाडीवर जीव आहे, पण आता तिच्यात मावत नाही. जागा जास्त हवी आणि वळणावर ती जशी वागते तशीच वागणारी हवी. महिन्याभरात काय ते ठरवायचंय. वाचून वाचून डोकं भणभणलंय, दर माणूस वेगळं सांगतो. ज्यांनी स्वतः चालवल्यात त्यांनीच सांगा. एसयूव्ही सुचवू नका प्लीज.

चौथा_गिअर
मावत नाही म्हणजे नेमकं काय? डोकं लागतं, गुडघे अडतात, सामान बसत नाही की घरातली माणसं वाढली? चारही गोष्टींची उत्तरं वेगळी आहेत. गाडीचं साल? बजेट? राहता कुठे, तेही लिहिलेलं नाही.

डोंगरदरी
डोळे मिटून टोयोटा जीआर86 घ्या. 2022 पासून 2.4 लिटरचं बॉक्सर इंजिन, 228 अश्वशक्ती, रिअर व्हील ड्राइव्ह म्हणजे ताकद मागच्या चाकांना, वजन 1,300 किलोच्या आत. मागची सीट पाडली की चार जादा टायर आत बसतात. रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस असतो, त्या ट्रॅक डेला मी तसेच नेतो. एमएक्स-5ची सवय झालेल्याला दुसरं काही रुचणार नाही.

वाईकर
हो, राहिलंच. 2017ची, सॉफ्ट टॉप. माझी उंची 6 फूट 3 इंच. राहतो शार्लट, नॉर्थ कॅरोलायनात. बजेट 30 हजार डॉलर, वापरलेली चालेल. मॅन्युअलच हवी, हे वेगळं सांगायला लागेल असं वाटलं नव्हतं. महिन्यातून एकदा ऑटोक्रॉसला, म्हणजे शंकूंमधून गाडी पळवायच्या स्पर्धेला जातो. पाऊस असला की टप लावावा लागतो आणि हेल्मेट घातल्यावर मान तिरकी ठेवूनच चालवावं लागतं. स्टीअरिंग उजव्या गुडघ्याला घासतं ते वेगळंच.

मनी_मिनेसोटा
सुबारू डब्ल्यूआरएक्स बघा. चार दारं, 271 अश्वशक्ती, मॅन्युअल मिळते आणि चारही चाकांना ताकद. आमच्याकडे नोव्हेंबरपासून रस्त्यावर बर्फ असतो. विंटर टायर घातले की ही गाडी कधी अडत नाही. टायर मात्र वेगळ्या रिम्सवर चढवून ठेवा, दर वेळी उतरवा-चढवा करायचे पैसे वाचतात. स्टडवाले, म्हणजे खिळे बसवलेले, घेऊ नका.

वाईकर
ताई, शार्लटला बर्फ वर्षातून एखाद-दोन दिवस. त्या दिवशी मी घरूनच काम करतो.

जुना_फिटर
गाडी बदलायची गरजच नाही. ड्रायव्हर सीटचं कव्हर काढा, बुडाचा फोम पातळ करा, डोकं इंचभर तरी खाली येतं. एमएक्स-5वाले उंच लोक वर्षानुवर्षं हेच करत आलेत. मी तिघांना करून दिलंय. फोम कापायला पाव कापायची सुरी लागते, तासाभराचं काम. प्रवाशाच्या सीटला मात्र हात लावू नका, तिथे एअरबॅगसाठी वजन ओळखणारा सेन्सर असतो.

चौथा_गिअर
फोम कापून डोक्याचं भागेल, गुडघ्याचं काय? सीट खाली गेली की गुडघे उलट वर येतात. 2017च्या गाडीत स्टीअरिंग फक्त वर-खाली होतं, आपल्याकडे ओढता येत नाही. ते 2019च्या मॉडेलपासून आलं, इंजिनही तेव्हाच 155वरून 181 अश्वशक्तीचं झालं. मग 2019नंतरचीच दुसरी एमएक्स-5 का घेऊ नये? आणि पुढे ट्रॅकवर जायचं असेल तर रोलबार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान, आलाच. त्याच्या वरच्या टोकापासून विंडशील्डच्या वरच्या कडेपर्यंत सरळ काठी धरतात, हेल्मेट काठीखाली पाहिजे. 6 फूट 3 म्हणजे तिथेच घोडं अडणार.

जुना_फिटर
त्यांनी ट्रॅकचं विचारलेलंच नाही. ऑटोक्रॉस म्हणजे पार्किंगच्या मैदानात प्लास्टिकचे शंकू मांडून चालवायचं. उगाच घाबरवू नका माणसाला.

मोजपट्टी
एक गंमत सांगतो. एमएक्स-5चं छापील हेडरूम, म्हणजे डोक्यासाठीची जागा, 37.4 इंच आणि लेगरूम, म्हणजे पायांसाठीची, 43.1. जीआर86चं 37.0 आणि 41.5. म्हणजे कागदावर जीआर86मध्ये जागा कमीच! पण लेगरूम मोजतात सीट पार मागे सरकवून, टाचेपर्यंत. त्यात स्टीअरिंग गुडघ्याला लागतं का, दाराला कोपर टेकतं का, यातलं काही येत नाही. तेव्हा आकडे बघून गाडी ठरवू नका. हेल्मेट घेऊन शोरूमला जा आणि बसून बघा. दुसरं म्हणजे सनरूफ. त्याची चौकट छताखाली असते आणि ती इंचभर जागा खाते. सनरूफ नसलेलीच शोधा.

डोंगरदरी
मी 5 फूट 8, मला जीआर86मध्ये भरपूर जागा आहे.

वाईकर
मोजपट्टी, हे आकडे बघून चाटच पडलो. मी तेच टेबल करत बसलो होतो.

आणखी एक सांगतो, मूळ कारण तेच आहे. बाबा पुढच्या महिन्यात साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येताहेत. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. 31 वर्षं एसटी चालवली त्यांनी. पसरणी घाटात मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून बघायचो, ब्रेक कधी दाबतात, गिअर कधी पाडतात. मला त्यांना इथल्या डोंगरातल्या ब्लू रिज पार्कवे रस्त्यावर न्यायचंय, जमलं तर डील्स गॅपच्या घाटरस्त्यालाही, 11 मैलांत 318 वळणं. आई पण बरोबर असेल. म्हणजे मागे एक माणूस नीट बसलं पाहिजे.

चौथा_गिअर
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं हो! दोन सीटच्या सगळ्या बाद. जीआर86ची मागची सीट मोठ्या माणसासाठी नाही.

स्वराली_के
माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं झालंय, म्हणून सांगते. त्यांना आधी पाठ करून सीटवर बसावं लागतं, मग दोन्ही पाय एकदम आत. सीट खुर्चीच्या उंचीची असली तरच हे जमतं. आणि कूपेचं दार लांब असतं, पार्किंगमध्ये शेजारी गाडी असेल तर ते पुरतं उघडतच नाही. चार दारांचीच बघा. काकांना सुरुवातीला दर तासाला उतरून दोन पावलं चालू द्या.

रोटरी_प्रेमी
माझदाचीच आरएक्स-8 कुणीच कशी सुचवली नाही? चार खऱ्या सीटा, मागची दारं उलटी उघडतात, मध्ये खांब नाही, वजन पुढे-मागे निम्मं-निम्मं. स्टीअरिंग असं की हातात रस्ता येतो. इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या त्रिकोणाचं, ते तेल पितं, हे धरून चालायचं. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची आणि रोज एकदा तरी वरच्या आरपीएमपर्यंत न्यायची. सांभाळणाऱ्याला ही गाडी जे देते ते आज कुठलीच देत नाही.

चौथा_गिअर
2011ला अमेरिकेत विक्री बंद झालेली गाडी, रोटरी इंजिन, महिन्याभराची मुदत आणि वडील घरी येणार. नको. बीएमडब्ल्यूची जुनी 2 सिरीज, 2014 ते 2021ची, मॅन्युअल शोधा. रिअर व्हील ड्राइव्ह, मागे माणूस बसतं. एम235आयला सहा सिलिंडर आहेत.

मोजपट्टी
ती 1,600 किलोच्या आसपास जाते आणि दारं दोनच. स्वरालीताईंनी आत्ताच काय लिहिलं?

चौथा_गिअर
मग पुढच्या चाकांना ताकद देणारी, फ्रंट व्हील ड्राइव्ह सुचवणार का एमएक्स-5वाल्याला? चव जाते हो.

मोजपट्टी
हो, सुचवणार. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. ब्लू रिजवर वेगाची मर्यादा 45 मैल, तिथे 300 अश्वशक्ती घेऊन काय करणार? होंडा सिव्हिक टाइप आर त्याहून धारदार आहे, पण वापरलेली सुद्धा 30 हजारांत बसणं कठीण. ह्युंदाई एलँट्रा एन बसेल, 276 अश्वशक्ती, मॅन्युअल मिळते, चार दारं.

ताम्हिणी_ते_माणगाव
तुम्ही लोक नशीबवान. इकडे भारतात गोल्फ जीटीआय 2025मध्ये आली ती 53 लाखांना, तीही ऑटोमॅटिकच. त्याआधी 2020ला स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस 245 आली, फक्त 200 गाड्या. माझ्या मित्राकडे आहे. ताम्हिणीत पावसाळ्यात तिच्या मागे माझी पोलो लावली तर दोन वळणांत दिसेनाशी होते. वाईकर, आता पसरणी घाट रुंद झालाय, बाबांना माहीत असेल. वरंधा मात्र पावसाळ्यात बहुतेक बंदच असतो.

जुना_फिटर
वरंध्यात 1980च्या दशकात आम्ही फियाट घेऊन जायचो. उतारावर दुसरा गिअर आणि ब्रेकला पाय लावायचा नाही. त्यांचे बाबा सांगतील.

वाईकर
शनिवारी तीन ठिकाणी हेल्मेट घेऊन गेलो.

जीआर86: गुडघे मोकळे, स्टीअरिंग जवळ येतं, मन हरखलं. पण हेल्मेट छताला टेकलं. सीट तळापर्यंत खाली होती तरी. सेल्समननेच माझ्या डोक्यामागे हात घालून बघितलं, बोट जाईना.

2018ची गोल्फ जीटीआय, मॅन्युअल, सनरूफवाली: हेल्मेट निसटतं लागलं. म्हणजे सनरूफ नसलेलीत बसेन. शेजारच्या सीटवर स्वराली_के यांनी लिहिलं तसं करून बघितलं, आधी पाठ, मग दोन्ही पाय. एक गुडघा न वाकवता आत गेलो. एमएक्स-5मध्ये मी असं कधीच बसू शकत नाही. हायवेच्या लूपवर जोरात घेतली, पुढून थोडी बाहेर ओढते, पण आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आत वळते. वेगळी आहे, पण मेलेली नाही. आवडली.

एलँट्रा एन: बसायला ऐसपैस. स्पोर्ट मोडमध्ये सस्पेन्शन एवढं कडक की बाबांच्या गुडघ्याचा विचार आला. नॉर्मल मोडमध्ये बरी होती. चालवायला तिघींत सगळ्यात धमाल.

एमएक्स-5 विकायचं अजून मनात येत नाही. बाबांना एकदा नुसतं तिच्या शेजारी उभं करून फोटो काढायचाय.

आता शोध असा: जीटीआय, मॅन्युअल, सनरूफ नसलेली, 60 हजार मैलांच्या आत, शार्लटपासून 200 मैलांत. कुणाला दिसली तर इथेच टाका.

मोजपट्टी
मिळाली की आधी लिफ्टवर चढवून घ्या. या इंजिनात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाच्या घरातून कूलंट गळण्याची तक्रार जुनी आहे. इंजिन गार असताना टाकीतली पातळी बघा, मग अर्धा तास चालवून, पुन्हा गार झाल्यावर परत बघा.

रोटरी_प्रेमी
रालीच्या बाजूला एक पांढरी दिसतेय, 41 हजार मैल, चौकटीच्या कापडाच्या सीटा, छत सलग दिसतंय. लिंक निरोपातून पाठवली आहे. आरएक्स-8 एकदा चालवून बघा मात्र.