वॉटरबीचला घर घ्यावं का? तातडीने मदत हवी आहे

घाईत_आहे: शुक्रवारपर्यंत एजंटला हो-नाही कळवायचंय, त्यामुळे कृपया पाल्हाळ नको. केंब्रिजच्या उत्तरेला वॉटरबीच गाव आहे. तिथे तीन बेडरूमचं घर पाहिलंय. जाहिरातीत 'स्टेशन चालत ८ मिनिटं' लिहिलंय. शाळा, डॉक्टर, दुकानं कशी आहेत?

पाणथळ_बगळा: भाड्याने की विकत? मुलं केवढी? ऑफिस कुठे? गाडी आहे का? जुन्या गावात दूध-ब्रेड भागतं, मोठं सामान मिल्टनच्या टेस्कोतून.

कॅम्बोर्नकर: वॉटरबीच सोडा, केंब्रिजच्या पश्चिमेचं कॅम्बोर्न बघा. १९९८पासून वसतंय, मॉरिसन्स सुपरमार्केट आहे, शाळा आहेत.

पाणथळ_बगळा: आणि रेल्वे?

कॅम्बोर्नकर: येणार आहे.

पाणथळ_बगळा: येणार येणार ऐकून कान किटले. वॉटरबीचला आजही गाडी थांबते, पुढचं स्टेशन केंब्रिज नॉर्थ. फाटक पडलं की मात्र बोंब. दोन्ही फलाट समोरासमोर नाहीत, फाटकाच्या अलीकडे एक, पलीकडे एक. चुकीच्या बाजूला उभे असाल तर गाडी डोळ्यांदेखत निघून जाते. माझी दोनदा गेलीय.

घाईत_आहे: विकत. केंब्रिज नॉर्थजवळच्या सायन्स पार्कला ऑफिस. गाडी नाही. मुलगी दहा वर्षांची. आता तरी सांगा.

दोन_मुलांची_आई: म्हणजे प्रायमरीचं एखादं वर्ष उरलं, नंतर कॉटनहॅम व्हिलेज कॉलेज. नावाने दचकू नका, ११ ते १६ वयाची साधी सरकारी शाळा आहे. बसचं आधी विचारून ठेवा.

लंडनची_काकू: कढीपत्त्याची कुंडी हिवाळ्यात बाहेर ठेवू नका हं. माझी तीन झाडं गेली.

जुनं_ते_सोनं: याच गावच्या चॅपलमध्ये १८५२ साली चार्ल्स स्पर्जन हा ख्रिस्ती धर्मोपदेशक प्रवचनं द्यायचा, वय अवघं सतरा! पुढे लंडन गाजवलं त्याने.

घाईत_आहे: अहो, शुक्रवार!!

पाणथळ_बगळा: घर जुन्या गावात की बराकींच्या जागेवर?

घाईत_आहे: नवीन वसाहत. फरक पडतो का?

पाणथळ_बगळा: हेच आधी सांगायचं ना! १९४१चा हवाई दलाचा तळ, मग लष्कराच्या बराकी, २०१३ला बंद. तिथे साडेसहा हजार घरांना २०१९मध्ये मंजुरी मिळाली. स्टेशनही तिकडे उत्तरेला हलवायचं ठरलंय. तुमची ८ मिनिटं त्या स्टेशनची असणार, आजच्या नव्हे. नकाशा उघडून मोजा.

दोन_मुलांची_आई: शिवाय शाळा-दवाखान्याचे पैसे बिल्डरने भरायचे असतात खरे, पण करारात बहुतेक वेळा 'इतकी घरं भरली की' अशी अट असते. आधी राहायला येणारे वाट बघत बसतात. आमच्याकडे (दुसरं गाव, नाव नको) बागेची पाटी दोन वर्षं होती, बाग नव्हती. घर फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीचं) असलं तरी वसाहतीच्या देखभालीचा वार्षिक आकार आहे का, वकिलाकडून लेखी घ्या.

कॅम्बोर्नकर: म्हणून म्हणतोय, कॅम्बोर्न...

घाईत_आहे: आत्ता मोजलं. आजच्या स्टेशनपर्यंत चालत अर्ध्या तासाच्या वर. एजंटला फोन लावतोय, उचलत नाही.

लंडनची_काकू: स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेला आहे का? कढीपत्त्यासाठी विचारतेय.