अनुभव धागा: गाडीचा एक डोळा (हेडलाईट) गेला, घरच्या घरी काय काय बघता?

तारमास्तर
पाऊस लागला आणि घाटात एकडोळ्या गाड्या परत दिसायला लागल्या. समोरून बाईक येतेय की टेम्पो, अंगावर येईपर्यंत कळत नाही. त्यावरून जुना विषय आठवला, म्हणून धागा काढतोय. वायरमनकडे जाण्याआधी अंगणात काय तपासता येतं, ज्याला जे ठाऊक आहे ते टाका.

सुरुवात करतो. लोक आधी बल्ब आणायला पळतात. त्याआधी नेमकं काय गेलंय ते बघा. एका बाजूचा फक्त डिपर (खालचा झोत) गेला, अप्पर (लांबचा झोत) लागतोय, तर बल्बचं एक फिलामेंट तुटलंय. एका बाजूचं दोन्ही गेलं, तर कपलर (बल्बला बसणारा वायरींचा जोड), अर्थ (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला जाणारी वाट) किंवा त्या बाजूचा फ्यूज (बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्याला वेगळे फ्यूज असतात). दोन्ही बाजूंचे डिपर एकदम गेले, तर फ्यूज, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) नाहीतर स्टिअरिंगवरचा कॉम्बिनेशन स्विच (दिवे-इंडिकेटरची दांडी). हे सगळं एच४ बल्बवाल्या (एकाच बल्बात डिपर-अप्परची दोन फिलामेंट) गाड्यांचं. एच७ मध्ये डिपर-अप्परचे बल्बच वेगळे.

पाना_नंबर_दहा
मास्तर, दोन्ही गेले म्हणजे बल्ब नव्हेच असं नका धरू. एक आधीच गेलेला असतो, शहरातल्या उजेडात कळत नाही. दुसरा गेला की "दोन्ही एकदम गेले".

रिलेचा संशय असेल तर हॉर्नचा रिले त्याच नंबरचा आहे का बघा आणि अदलाबदल करा. फुकटात निकाल. मीटर असेल तर रिलेच्या ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांमध्ये साधारण ७० ते १०० ओहम यायला हवेत. रिले टकटक करतोय म्हणून चांगला असं नाही. आतले पॉइंट जळालेले असले तरी टकटक होतेच, करंट मात्र ३० नंबरच्या पिनवरून ८७ ला जात नाही.

रातकिडा
फ्यूज मूळ आकड्याचाच टाका. लाल १० अँपियर, निळा १५, पिवळा २०. १० चा उडतो म्हणून २० चा ठोकणारे महाभाग आहेत, मग फ्यूज वाचतो आणि वायर जळते. ५५ वॅटचा बल्ब साडेचार-पाच अँपियर खातो. एका दिव्यासाठी १० चा फ्यूज उडायचं कारणच नाही. उडतोय म्हणजे वायर कुठेतरी पत्र्याला घासून उघडी पडलीय, नाहीतर होल्डर वितळलाय.

सातबारा
मध्येच विचारतो, बॅटरीचं निगेटिव्ह काढलं तर स्टिरिओ कोड मागतो का?

रातकिडा
काही गाड्यांत मागतो, कोड हाताशी ठेवा. पण बल्ब-फ्यूजसाठी निगेटिव्ह काढायची गरज नाही, स्विच बंद असला की पुरे. कॉम्बिनेशन स्विच खोलायचा असेल तर मात्र काढाच आणि काही मिनिटं थांबा. तिथले पिवळे कपलर एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही.

पाना_नंबर_दहा
मीटरवाल्यांसाठी महत्त्वाचं. कपलर बल्बवरून काढून मोजलं, १२ व्होल्ट दिसले, "लाईन ओके". चूक! वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ च दाखवणार, कारण मीटर करंट ओढतच नाही. बल्ब लावून, दिवा चालू ठेवून, कपलरच्या मागून सुई घालून मोजा. बॅटरीचा प्लस ते बल्बचा प्लस अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. बल्बचा मायनस ते बॅटरीचा मायनस ०.२ च्या आत.

दिवे मंद आहेत म्हणणाऱ्यांनी हेच आधी करावं. बल्बपाशी व्होल्टेज १० टक्के पडलं तर उजेड साधारण ३० टक्के पडतो. ९०/१०० वॅटचे बल्ब घालून तो भरून निघत नाही, उलट होल्डर वितळतो.

आणि बल्ब सारखे उडत असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ व्होल्ट ठीक. १५ च्या वर जाऊन तिथेच बसत असेल तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) रेग्युलेटर गेलाय, बल्ब कंपनीला शिव्या देऊ नका.

समुद्रकाठ
आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडे आणि खाली गोव्यात निम्मी भानगड अर्थची. खारं वारं पत्रा आणि बोल्टच्या मध्ये शिरतं. ओळखायची खूण: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटर दिला की पार्किंग त्याच्याबरोबर उघडझाप करतो. मागच्या दिव्याला मायनस मिळत नाही, मग करंट शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो.

खात्री करायची तर टेल लॅम्पच्या अर्थ वायरीवरून (बहुतेकदा काळी, पण मॅन्युअल बघा) एक जादा वायर थेट बॅटरीच्या मायनसला किंवा स्वच्छ बोल्टला लावा. सगळं सुरळीत झालं तर अर्थच. मूळ बोल्ट खोलून पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी नाही, आवळल्यावर.

तारमास्तर
समुद्रकाठ, हीच लक्षणं दुहेरी फिलामेंटच्या बल्बनेही येतात हं. पी२१/५डब्ल्यू मध्ये (ब्रेक आणि पार्किंग एकाच बल्बात) तुटलेलं फिलामेंट दुसऱ्यावर जाऊन चिकटतं आणि ब्रेकचा करंट पार्किंगच्या लाईनीत शिरतो. ब्रेक मारला की डॅशबोर्डचे दिवे उजळले, तर आधी मागचे दोन्ही बल्ब काढून बघा. याच्या दोन खुंट्या वरखाली असतात, एकेरी बल्बच्या समोरासमोर. जोर लावून भलताच बसवला की हाच तमाशा.

आणखी एक गाठ. काही जुन्या जपानी घराण्याच्या गाड्यांत हेडलाईटचा प्लस कायम येतो आणि स्विच मायनस तोडतो. तिथे टेस्ट लॅम्प (तपासायचा वायरवाला छोटा बल्ब) बॉडीला लावून बघाल तर फसाल. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावून मायनस येतोय का ते शोधायचं.

वाईची_वहिनी
आमटी उतू चाललीय, पटकन लिहिते. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. तेलाचा डाग राहिला तर तिथेच जास्त तापून बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसा. एच४ चा रुंद कान (बुडाच्या पत्र्याची पट्टी) वर यायला हवा. मागच्या रबरी टोपीवर वरची बाजू लिहिलेली असते, ती उलटी बसली तर पाणी आत.

बल्ब बदलल्यावर झोत भिंतीवर बघायचाच. सपाट जागा, टायरमध्ये हवा बरोबर, लेव्हलिंगचं (झोत वरखाली करायचं) बटण शून्यावर. १० मीटरवरून डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंमी खाली हवी आणि डावीकडे चढलेली. उजवीकडे चढत असेल तर तो दिवा उजव्या बाजूने चालवायच्या देशातला आहे, समोरच्याचे डोळे दिपणार.

सातबारा
वहिनी, आमटी वाचली का?

वाईची_वहिनी
वाचली. गॅस पुसायचाय.

म्युनिकचा_मावळा
हॅलोजनच्या घरात एलईडी घालणाऱ्यांबद्दल कुणी बोललंच नाही. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेसाठी घडवलेला असतो. चिप मिलिमीटरभर पुढेमागे झाली की प्रकाश विखुरतो, भिंतीवर कड दिसतच नाही. जर्मनीत असे बल्ब २०२० पासून चालतात, पण ठराविक बल्ब ठराविक मॉडेललाच. शिवाय बर्फात हॅलोजनच्या उष्णतेने काच थोडी मोकळी होते, एलईडीची गारच राहते. तिकडे बर्फ नाही म्हणा.

समुद्रकाठ
बर्फ नाही, पण दिव्याच्या आत तळं असतं! आत धुकं आलं आणि दिवे लावल्यावर अर्ध्या तासात गेलं तर काळजी नको. थेंब ओघळतायत, खाली पाणी साठतंय, तर सील गेलंय. टोपी, मागची हवेची नळी, काचेची कड बघा. भोक पाडू नका. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन दिव्याला लावू नका, त्याच्या वाफेने रिफ्लेक्टरची चांदी काळवंडते.

उंदीरमामा
खरा गुन्हेगार, उंदीर, राहिलाच. दिवा अचानक गेला आणि बॉनेटखाली शेंगांची टरफलं दिसली तर मीटर ठेवा बाजूला, वायरी बघा. नुसती टेप गुंडाळू नका, पावसात आत पाणी राहून तांबं हिरवं पडतं. डाग देऊन (सोल्डर करून) वर हीट श्रिंक (तापवली की आक्रसणारी स्लीव्ह). स्लीव्ह आधी वायरीत ओवायची, हे जोड झाल्यावर आठवतं.

सातबारा
तंबाखूची पुडी ठेवली तर येत नाहीत म्हणे?

उंदीरमामा
आमचे तंबाखू खाऊन वायर कुरतडतात. डांबर गोळ्याही तशाच. गाडी रोज हलवणं आणि जाळी, एवढंच.

रातकिडा
इंडिकेटर भरभर होत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा तिथे एलईडी घातलाय. मिनिटाला ६० ते १२० हा ठीक वेग. एलईडीसाठी ६ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर लावतात. तो पत्र्यावर बसवा, प्लास्टिकवर नको, भाजण्याइतका तापतो. हॅझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) चालतं पण इंडिकेटर नाही, तर बल्ब सोडा, फ्यूज नाहीतर स्विच.

धुळ्याची_लाल_परी
धागा बरा सापडला. गाडी बंद, चावी हातात, तरी मागे ब्रेक लाईट पेटलेलेच. काय बघू? पहिले बॅटरी काढू का?

पाना_नंबर_दहा
आत्तापुरतं ब्रेक लाईटचा फ्यूज काढा, नाहीतर सकाळी बॅटरी बसेल. मग पेडलच्या वर, स्विचची दांडी जिथे टेकते तिथला प्लास्टिकचा ठोकळा आहे का बघा. तो जुना होऊन तुटतो, दांडी भोकातून आरपार जाते आणि स्विचला वाटतं ब्रेक दाबलाय. मॅटवर तुकडे असतील. नवा मिळेपर्यंत त्या भोकात सपाट डोक्याचा बोल्ट नटाने आवळा. पेडल पूर्ण वर येतोय ना, तेवढं हाताने तपासा.

धुळ्याची_लाल_परी
आहेत तुकडे! मॅटखाली, निळे. बोल्ट किती नंबरचा लागेल?

पाना_नंबर_दहा
भोक मोजा आणि सांगा. जागाच आहे मी.