सिनेमाच्या चालीवर येशूचं गाणं: पोरांना चर्चमध्ये आणायला किती नक्कल करायची?

नगरी_पोरगा:
परवा आमच्याकडच्या तरुण मेळाव्यात काय झालं ते सांगतो, मग बोला. स्टेजवर धूर, लेझर लाइट, आणि वरशिप टीमने एका हिट आयटम साँगच्या चालीवर येशूचं गाणं बसवलेलं. दुसऱ्या कडव्यालाच मागच्या रांगेतली पोरं मूळ शब्द गायला लागली, स्टेपसकट! पाळकसाहेब पुढे बसून टाळ्या वाजवतायत, कारण त्यांना मूळ गाणंच माहीत नाही 😅 माझं मत, हे बंद करा. तेच गाणं वरातीत चौपट भारी वाजतं, आपली कॉपी कायम सहा महिने शिळी. पोरांना बरोबर कळतं की आपल्याला पटवायला चाललेत.

वसईची_रिया:
एका फसलेल्या गाण्यावरून सगळंच बंद? 2023 मध्ये लिस्बनला जागतिक युवा दिनाला, म्हणजे कॅथलिक तरुणांच्या मेळाव्याला, पोपच्या मिस्साआधी (उपासनेआधी) सकाळी सकाळी एका पोर्तुगीज फादरनेच टेक्नो वाजवलं, ग्विल्येर्म पेशोटो नाव त्यांचं, समोर मैदानात रात्र काढलेली लाखो पोरं. कार्लो अक्युटिस तर जीन्स, स्नीकर्स, प्लेस्टेशनवाला पोरगा, 2025 च्या सप्टेंबरमध्ये संत झाला. आणि खरं सांगू, मी स्वतः पॅरिशच्या युथ ग्रुपला गेले ते गिटार शिकायला मिळेल म्हणून, प्रवचन ऐकायला नाही. आज चर्चमध्ये बायबलचं वाचन मीच करते.

नगरी_पोरगा:
अगं अक्युटिस पंधराव्या वर्षी गेला, तो जीन्स घालणार नाही तर काय धोतर? ती नक्कल नव्हती, त्याचे रोजचे कपडे होते. पंचेचाळिशीचा पास्टर फाटकी जीन्स घालून "काय भावांनो" म्हणतो तेव्हा अंगावर काटा येतो, आणि तो पवित्र आत्म्याचा नसतो.

जुनी_पेटी:
बाळांनो, आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक विसरलात. 1895 ला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मंडळीत विलायती चालीवर भाषांतराची गायनं चालायची, जीभ अडखळायची. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तन उभं केलं. कीर्तन म्हणजे त्या काळी गावाची करमणूकच की. आज 'उपासना संगीत' हे गायनांचं पुस्तक उघडून तीच गायनं आपण डोळे मिटून म्हणतो. नव्याला नाकं मुरडू नका.

नगरी_पोरगा:
काका, टिळक अभंग-ओवी ऐकत मोठे झाले, ते त्यांच्या तोंडात होतं, उसनं नव्हतं. फादर स्टीफन्स तर इंग्रज माणूस, पण 1579 ला गोव्यात आला आणि ओवीतलं ख्रिस्तपुराण छापलं 1616 ला. 37 वर्षं! आमच्या टीमने ते गाणं 37 मिनिटंसुद्धा ऐकलं नसेल.

ढोलकीवाला_पुणे:
प्रोटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने भजनांना दारूच्या गुत्त्यातल्या चाली घेतल्या होत्या, इतिहास वाचा.

जुनी_पेटी:
ती दंतकथा आहे रे. बार नावाचा एक रचनाप्रकार आहे जर्मन गाण्यांचा, त्याचा लोकांनी दारूचा बार केला. एका ख्रिसमसच्या गाण्याला मात्र ल्यूथरने खरंच लोकगीताची चाल लावली होती, 1535 ला, पण चारच वर्षांत बदलून नवी दिली. (इथे मीच माझी बाजू पाडतोय, असो.)

ढोलकीवाला_पुणे:
मग हेच म्हणतोय मी काका, चाल नवी करा ना! रॅप करा, ढोलकीवर करा, पण स्वतःचं करा. ताल कोणाच्या बापाचा नाही, चाल मात्र ऐकली की हिरोईनच डोळ्यापुढे येते, त्याला कोण काय करणार.

संडेस्कूलची_ताई:
तुम्ही सगळे स्टेजवरच अडकलात. माझ्या वर्गातली पोरं दहावीनंतर गळतात ती गाणी जुनी म्हणून नाही, एकाला बारावीत नापास झाल्यावर तीन महिने कोणी फोनच केला नाही. लेझर लाइटच्या भाड्यात त्याची रिपीटर बॅचची फी निघाली असती.

वसईची_रिया:
ताई मान्य, पण तो पहिल्यांदा दारात आला कशामुळे?

संडेस्कूलची_ताई:
क्रिकेटमुळे. कंपाउंडमध्ये खेळायला यायचा, बॉल वेदीच्या खिडकीवर बसला आणि काच पुसायला आत आला 🙂

नगरी_पोरगा:
ढोलकीवाले, शनिवारी नगरला या. दोन कडवी लिहिलीत, चाल नाही सुचत.